धाकट्याच्या मुलखात

तेलीबांध्याच्या तळ्याला रायपूरकर आता मरीन ड्राइव्ह म्हणतात. काठाने फरशी, दिव्यांची रांग, गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाड्या, ऐंशी मीटरहून उंच खांबावरचा राष्ट्रध्वज आणि त्याच्या खाली सेल्फी काढणारी कॉलेजची पोरं. या भागातून पूर्वी धमतरीची छोटी गाडी जायची. १९०० साली सुरू झालेली ती नॅरोगेज लाईन शहरातून उखडली आणि तिच्या जागी अटल पथ नावाचा द्रुतगती रस्ता झाला. तळ्याला लागून जातो तो मात्र जुनाच रस्ता, जीई रोड. पश्चिमेला तो नागपूरकडे जातो, पूर्वेला आरंग, महासमुंद, सरायपाली करत संबळपूरला आणि तिथून पुढे कटकला. ट्रक रात्रभर चालू असतात.

मला तळ्यापेक्षा या रस्त्यात रस होता. नागपूरकर भोसल्यांचं सगळं राज्य या एका दिशेने वाढलं. वऱ्हाडातून नागपूर, नागपुरातून छत्तीसगड, छत्तीसगडातून ओरिसा आणि बंगाल. पुण्याचे पेशवे उत्तरेकडे बघत होते तेव्हा हे घराणं पूर्वेकडे तोंड करून बसलं होतं. म्हणूनच असेल, आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना पानाच्या कडेला जागा मिळाली. पानिपत आहे, अटक आहे. कटकचा उल्लेख यमकापुरता.

हे घराणं पुन्हा बातम्यांत आलं ते एका तलवारीमुळे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात रघूजी भोसल्यांच्या नावाची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती विकत घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. पातं युरोपातलं, फिरंगी घाटाचं, मुठीवर सोन्याचं कोफ्तगरी काम आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचं नाव. मिरवणूक वगैरे झाली. आमच्या नागपूरच्या घरी टीव्हीवर ती बघताना सासूबाईंनी विचारलं, ‘हे कुठले रघूजी? यांच्यात तीन आहेत ना?’ प्रश्न बिनचूक होता. तीन रघूजी, दोन जानोजी, दोन परसोजी, दोन मुधोजी आणि किमान दोन बिंबाजी. नागपुरात अर्धं आयुष्य गेलेल्या बाईलाही यांची वंशावळ तोंडपाठ नसते. मी तेव्हा कागद घेऊन बसले, आणि त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक नाव असं सापडलं की ज्याच्या खाली रेघच नव्हती. पहिल्या रघूजीचा धाकटा मुलगा बिंबाजी. मुक्काम रतनपूर, छत्तीसगड.

कागदाची सुरुवात पुण्याकडच्या हिंगणीपासून होते. त्यामुळे हे हिंगणीकर भोसले. सातारच्या भोसल्यांशी रक्ताचं नातं आहे की नुसतं आडनाव एक, यावर पुष्कळ शाई सांडलेली आहे आणि मला त्यात पडायचं नाही. पडायची गरजही नाही, कारण या घराण्याने नात्याचा दाखला स्वतः कधी दिला नाही, तो दुसऱ्यांना दिला. १७०७ साली औरंगजेब मेला आणि शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. ताराबाईंच्या बाजूने आवई उठली की हा शाहू नव्हेच, तोतया आहे. लहानपणी कैद झालेलं पोर, सतरा-अठरा वर्षं कोणी पाहिलेलं नाही, ओळखणार कोण? तेव्हा परसोजी भोसले पुढे झाला आणि शाहूंच्या ताटात बसून जेवला. झालं. मराठा सरदार ज्याच्या ताटात जेवतो तो तोतया नसतो. या एका जेवणाच्या बदल्यात, म्हणजे पुढच्या सगळ्या चाकरीच्याही, परसोजीला ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि वऱ्हाड मिळालं.

परसोजीचा मुलगा कान्होजी. कान्होजीच्या हाताखाली वाढलेला चुलत पुतण्या रघूजी, आणि हाच तो पहिला, मोठा रघूजी. शाहूंनी त्याला शिर्क्यांची मुलगी देऊन आपला साडू करून घेतलं. पुढे कान्होजी ऐकेना तेव्हा त्याच्यावर रघूजीलाच सोडलं. पुतण्याने चुलत्याला पकडलं, साताऱ्याला पाठवलं आणि किताब स्वतःकडे घेतला. घराण्याची रीत इथून पडली म्हणायची.

रशियात सतराव्या शतकात सरदार मंडळी राजाच्या पंगतीला बसताना कोणाचा आजा कोणाच्या आज्याच्या वर बसायचा यावरून भांडत, आणि ते टिपून ठेवणारी दप्तरं होती. १६८२ साली झार फ्योदोरने ती दप्तरं जाळायला लावली. मग घराणी नाराज होऊ नयेत म्हणून त्यांच्या वंशावळींचं एक नवं पुस्तक तयार झालं, लाल मखमलीच्या बांधणीचं. आपल्याकडे मखमल नव्हती, बखर होती. नागपूरकर भोसल्यांची बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली तीही इंग्रज रेसिडेंट जेनकिन्सच्या सांगण्यावरून, म्हणजे राज्याचा कारभार हातचा गेल्यावर. मला पंगतीचा भाग ओळखीचा वाटला. आपल्याकडे वंश दप्तरात कमी आणि ताटात जास्त सिद्ध होत असे. शाहू गेल्यावर ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे केलं, तेव्हा याच रघूजीने अट घातल्याचं ग्रँट डफने नोंदवलं आहे: ताराबाईंनी भाऊबंदांच्या देखत रामराजासोबत जेवावं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन सांगावं की हा भोसलाच आहे. चुलत आजोबा ताटात जेवून दाखला देऊन गेले, नातवाने ताटावरच दाखला मागितला.

तळ्याकाठी एका बाकावर बसून मी हा कागद पुन्हा उघडला होता. शेजारी बसलेल्या निवृत्त मास्तरांनी चष्म्यावरून डोकावून पाहिलं आणि ‘वंशावली?’ एवढंच म्हणाले. मी सांगितलं, नागपूरच्या भोसल्यांची. ‘अच्छा, मराठा शासन,’ ते म्हणाले, ‘टैक्स बहुत लेते थे.’ नंतर थोडं थांबून, पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून बहुधा, ‘बिंबाजी ठीक थे.’ माझ्या पुढच्या प्रवासाचा आराखडा त्यांनी दोन वाक्यांत आखून दिला.

छत्तीसगड भोसल्यांच्या हातात आलं ते वाटेवर होतं म्हणून. १७४१ मध्ये रघूजी स्वतः कर्नाटकात होता. त्रिचनापल्ली घेऊन त्याने चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला आणलं. त्याच वर्षी त्याचा दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन पूर्वेकडे निघाला आणि रतनपूरच्या किल्ल्यापुढे येऊन थांबला. आत होता रघुनाथसिंह, हैहयवंशी राजा. हैहय म्हणजे कलचुरी. रतनपूरला त्यांची गादी सात शतकांच्या वर चाललेली. रघुनाथसिंह म्हातारा झालेला, एकुलता एक मुलगा गेलेला, लढायची इच्छा उरलेली नव्हती. किल्ल्याची भिंत फुटली तेव्हा तटावरून राण्यांनी शरणागतीचं निशाण दाखवलं. लाख रुपये दंड बसला. सातशे वर्षांचं राज्य इतक्या सहज गेलं.

भास्करराम पुढे बंगालमध्ये गेला आणि तिथल्या बायकांनी मुलांना झोपवताना ज्यांची भीती घालावी असे ‘बर्गी’ बनवून आपल्याला ठेवून गेला. आजही बंगाली अंगाईगीतात ते आहेत. कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला तो याच धास्तीने. १७४४ साली बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने तहाच्या बोलणीला म्हणून भास्कररामला मानकरा इथल्या छावणीत बोलावलं आणि तंबूतच कापून काढलं. रघूजी सूड घेत राहिला. शेवटी १७५१ च्या तहात ओरिसा पदरात पडला आणि बंगालकडून वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली. जगन्नाथपुरी पुढे १८०३ पर्यंत नागपूरकरांच्या अमलात होती. म्हणजे तेलीबांध्याच्या या रस्त्याने अर्धं शतक हुंड्या, हरकारे, यात्रेकरू आणि पागा जात-येत होत्या.

सकाळी मी जुन्या रायपुरात गेले. रायपूरची गादी ही रतनपूरच्या हैहयांचीच धाकटी शाखा. ब्रह्मदेव नावाच्या राजाचा १४०२ चा शिलालेख इथला. १७४१ नंतरही रायपूरच्या अमरसिंहाला भोसल्यांनी काही वर्षं हात लावला नव्हता. मग १७५० मध्ये त्याचा मुलूख घेऊन रायपूर, राजीम आणि पाटण हे परगणे त्याच्याकडे ठेवले आणि वर सात हजारांची टाकोळी, म्हणजे वार्षिक खंडणी, बसवली. तो वारला. त्याच्या मुलाकडून, शिवराजसिंहाकडून, तेही गेले. त्याला मिळालं महासमुंदकडचं बडगाव हे माफीचं गाव आणि रायपूरच्या प्रत्येक गावामागे एक रुपया.

गावामागे एक रुपया. मला या तपशिलाने अडवून धरलं. राजाला पेन्शन देण्याच्या पुष्कळ तऱ्हा आहेत, पण ही फार विचार करून काढलेली वाटते. प्रत्येक गावाने वर्षातून एकदा आठवायचं की आपला एक राजा होता, आणि तेवढ्यासाठी रुपयाच मोजायचा. १८२२ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या काळात तो रुपया बंद झाला आणि त्याच्या बदल्यात वंशजांना थोडी माफीची गावं मिळाली. हिशेब सोपा झाला. मला तरी जुनी पद्धत जास्त सभ्य वाटते. ज्यांना तो रुपया भरावा लागत होता त्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील.

महाराजबंध तळ्याच्या बाजूला दूधाधारी मठ आहे. सोळाव्या शतकातला रामानंदी मठ. बलभद्रदास नावाचे महंत फक्त दुधावर राहत म्हणून हे नाव. भोसल्यांच्या काळात इथे बांधकाम झालं, भिंतींवर रामायणाची चित्रं आली. रंग उतरलेले आहेत, पण काही आकृत्यांच्या पगड्या आणि काष्ट्याची लुगडी बघून मला एकदम नागपूरच्या महालातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आठवल्या. अयोध्येतल्या बायका नागपुरी नेसलेल्या. मठाच्या ओसरीवर महंतांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या: गुरू, त्याचा चेला, त्या चेल्याचा चेला. इथे मुलगा नाही, बायको नाही, भाऊबंद नाहीत. तरी साडेचारशे वर्षं ओळ तुटलेली नाही.

तिथून तात्यापाऱ्यात गेले. मराठी वस्तीचा हा जुना भाग. भोसल्यांच्या कमाविसदारांबरोबर, फडणिसांबरोबर जी कुटुंबं आली ती इथे रुजली. नंतर इंग्रजी अमलात नोकरीसाठी आणखी आली. माधवराव सप्रे याच प्रदेशात वाढले. जन्म दमोह जिल्ह्यातला, १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. वामन बळीराम लाखे यांनी रायपुरात सहकारी बँक उभी केली. त्यांच्या नावाचा लाखे नगर चौक आजही रिक्षावाल्याला सांगता येतो. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, नाटक आहे. गाडी राजनांदगावला थांबते तेव्हा तिथलं दिग्विजय महाविद्यालय आठवतं. तिथे गजानन माधव मुक्तिबोध शेवटची वर्षं शिकवत होते. घरात मराठी, कविता हिंदीत. या मंडळींना भोसल्यांचे वंशज म्हणता येत नाही, पण भोसल्यांनी इथे मागे काय ठेवलं असं कोणी विचारलं तर मी तलवारीच्या आधी यांची नावं घेईन.

आता राजनांदगावचंच सांगायला हवं, कारण या कागदावर ते घराणं कुठेच नाही आणि असायला हवं होतं. अठराव्या शतकात प्रल्हाददास नावाचा एक बैरागी पंजाबातून शालींचा व्यापार करत रतनपूरला आला आणि राहिला. त्याच्यामागे गादी चेल्याकडे, हरिदासकडे. हरिदासाला बिंबाजीच्या राण्यांनी गुरू केलं. गुरू झाल्यावर गावागावांतून वर्गणी सुरू झाली, वर्गणीचा पैसा सावकारीत गेला, सावकारीत जमीनदारांच्या जमिनी गहाण पडल्या आणि गहाण सुटल्या नाहीत. अशी पांडादाह आली, नांदगाव आलं. शालीचं गाठोडं घेऊन आलेल्या ब्रह्मचाऱ्याच्या चेल्यांचं संस्थान झालं. १८६५ मध्ये इंग्रजांनी महंत घासीदासांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली आणि लग्न करायची मुभाही दिली. रायपूरच्या वस्तुसंग्रहालयाला याच घासीदासांचं नाव आहे. हे नांदगाव संस्थान १९४८ पर्यंत चाललं. ज्यांच्या राण्यांच्या कृपेने ते उभं राहिलं त्या भोसल्यांचं राज्य मात्र १८५४ मध्येच खालसा झालं होतं, आणि कारण काय दिलं? औरस वारस नाही.

हे मी बिलासपूरच्या बसमध्ये बसून पुन्हा जुळवत होते. खिडकीबाहेर भाताची खाचरं. बस रिकामी नव्हती, कंडक्टरने माझी पिशवी आपल्या सीटखाली ढकलली आणि ‘रतनपुर? महामाया?’ असं गृहीत धरून तिकीट फाडलं. रतनपूरला उतरणारा माणूस महामायेलाच जातो.

पहिला रघूजी १७५५ च्या फेब्रुवारीत वारला. मुलगे चार: जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. शेवटच्याला रघूजीच्या बापाचं नाव ठेवलेलं. थोरला जानोजी धाकट्या राणीचा. मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे. किताबासाठी जानोजी आणि मुधोजी भांडले, पेशव्यांनी मध्यस्थी केली आणि नजराणा घेतला. जानोजीला किताब, मुधोजीला चांदा, साबाजीला दारव्हा आणि बिंबाजीला छत्तीसगड. नकाशात बघितलं तर बिंबाजीचा वाटा चांगला मोठा. पण तो नागपुरापासून सगळ्यात लांब, डोंगर आणि साल-सागाच्या रानापलीकडे. त्या वाट्यासाठी कोणी भांडलं नाही यातच त्याची किंमत कळते.

जानोजीला मूल नव्हतं. त्याने मुधोजीच्या मुलाला, म्हणजे दुसऱ्या रघूजीला, दत्तक घ्यायचं ठरवलं आणि १७७२ मध्ये तो वारला. साबाजी म्हणाला कारभार माझ्याकडे, मुधोजी म्हणाला मुलगा माझा. १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावला दोघांच्या फौजा भिडल्या. साबाजीची सरशी होत होती. मुधोजीच्या हत्तीला घेरून तो जवळ आला, शरण ये म्हणून ओरडला, आणि मुधोजीने हौद्यातून पिस्तुल झाडलं. सख्खा नसला तरी भाऊ. पाचगावातच मामला संपला आणि दत्तक कायम झाला.

त्यानंतरच्या पिढ्यांचं मी भराभर सांगते, कारण त्यातला बराचसा भाग वाचायला जड जातो. दुसरा रघूजी १८०३ मध्ये असई आणि आडगाव दोन्हीकडे हरला, देवगावच्या तहात कटक गमावलं. त्याचा भाऊ खंडोजी ऊर्फ चिमणाबापू याने पितृपंधरवड्यात गणपती बसवायची चाल सुरू केली असं नागपुरात सांगतात. मोहिमेहून परतेपर्यंत गणेशोत्सव संपला होता, म्हणून. तो हाडपक्या गणपती अजून बसतो. दुसऱ्या रघूजीचा मुलगा दुसरा परसोजी आंधळा आणि पांगळा. १८१७ च्या फेब्रुवारीत त्याला गळा दाबून मारलं, ते चुलतभाऊ आप्पासाहेबाच्या सांगण्यावरून. त्याच आप्पासाहेबाने त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीवर इंग्रजांशी लढाई केली आणि आमच्यासाठी स्वातंत्र्यवीर झाला. दोन्ही खरं आहे. कैदेतून तो शिपायाच्या कपड्यांत पळाला, महादेवाच्या डोंगरात राहिला, पंजाबपर्यंत भटकला आणि १८४० मध्ये जोधपुरात वारला.

गादीवर आणायला मुलगा नव्हताच, म्हणून दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा दत्तक घेऊन त्याचं नाव रघूजी ठेवलं. मागे सूत्रं बाकाबाईच्या हातात. दुसऱ्या रघूजीची ही विधवा. इंग्रजांशी जमवून घेतलं म्हणून काळी मारबत, म्हणजे बाईचा पुतळा, तिच्या नावाने निघते असं म्हणतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं नागपूर तिला शिव्या देत जाळून येतं. मला या बाईबद्दल कधी एवढा राग आला नाही. तिच्या भोवतीच्या पुरुषांनी भाऊ मारले, चुलतभाऊ मारले. तिने घर वाचवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी वारला. राण्यांनी दत्तक पुढे केला, डलहौसीने नाकारला. जवाहीर, हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. ज्या घराण्याने ताटात जेवून छत्रपतींचा वारसा ठरवला त्याचा वारस लंडनहून नेमलेल्या एका अधिकाऱ्याने कागदावर अमान्य केला. १८५७ नंतर त्या दत्तकाला, दुसऱ्या जानोजीला, ‘राजा बहादूर ऑफ देऊर’ असा किताब मिळाला. देऊर सातारा जिल्ह्यात. म्हणजे घराणं जिथून निघालं त्या बाजूचं एक गाव, किताबापुरतं.

रतनपूर हे गाव तळ्यांचं. महामायेच्या देवळाबाहेर नारळ-चुनरीची दुकानं, आणि आत गर्दी. मी दर्शन घेऊन रामटेकडीकडे निघाले. रामटेकडी या नावाला नागपूरकराच्या कानात लगेच ओळख लागते. टेकडीवर रामाचं देऊळ बिंबाजीने बांधलं. आपल्या रामटेकसारखं काही नाही. टेकडी लहान, पायऱ्या थोड्या, वर माकडं. पण घर सोडून आलेल्या माणसाने टेकडी दिसताच वर राम बसवावा, हे समजतं.

बिंबाजी १७५८ च्या सुमारास इथे आला आणि १७८७ मध्ये इथेच वारला. तीन दशकं. भाऊ पाचगावला एकमेकांवर पिस्तुलं झाडत होते तेव्हा हा रतनपूरला राहत होता, आणि नागपूरच्या गादीवर त्याने दावा सांगितल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. फौज स्वतःची, दरबार स्वतःचा, नागपूरचं नाव तेवढं वर. रतनपूर आणि रायपूर त्याने एका कारभाराखाली आणलं, मोडी आणि मराठी दफ्तरात आणली. विजयादशमीला सोनं म्हणून पानं देण्याची चाल त्याने इथे सुरू केली असं छत्तीसगडच्या इतिहासाच्या पुस्तकांत असतं. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं ते पाठ करतात. टेकडीखालच्या चहावाल्याच्या मुलाने मला ते धडाधड म्हणून दाखवलं: ‘स्वर्णपत्र, बिंबाजी भोंसले.’ पीएससीचा अभ्यास करतो म्हणाला. पानिपतचं साल विचारलं तर त्याला आलं नाही, बिंबाजीचं आलं.

शिवराजसिंहाला गावामागे रुपया लावून देणारा हाच बिंबाजी, आणि त्याची सत्ता घेणाराही हाच. त्याला दयाळू म्हणायचं तर त्याच हाताने हैहय वंश मिटला हेही लिहावं लागतं. तेलीबांध्याचे मास्तर ‘ठीक थे’ म्हणाले होते, तेवढंच म्हणावं.

त्याला मुलगा नव्हता. तो गेला तेव्हा राणी उमाबाई सती गेली. दुसरी राणी आनंदीबाई मागे राहिली आणि नागपूरकरांनी मुधोजीच्या मुलाला, व्यंकोजीला, छत्तीसगड दिल्यावर तिने विरोध केला. तडजोड होऊन नाव व्यंकोजीचं आणि वचक बाईचा असं काही काळ चाललं. व्यंकोजी इथे राहायला आलाच नाही. त्याने नागपुरात बसून सुभेदार नेमले: महिपतराव दिनकर, विठ्ठल दिनकर आणि पुढचे. बोली लावून सुभा घ्यायचा आणि वसूल करून नागपूरला भरणा करायचा. मास्तरांचा ‘टैक्स’ तो इथून. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट या वाटेने गेला, तेव्हा रायपूर सुमारे तीन हजार झोपड्यांचं, व्यापाऱ्यांचं गाव होतं आणि राजधानी असलेलं रतनपूर जेमतेम त्याच्या तिसरा हिस्सा उरलं होतं. १८१८ नंतर अॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने राजधानी अधिकृतपणे रायपूरला हलवली. रतनपूरला देवी राहिली.

टेकडीवर देवळात मी एकटीच होते. पुजारी तरुण होता, मोबाइल बाजूला ठेवून उठला. संकल्पासाठी नाव विचारलं, मग गोत्र. मी पटकन तोंडात आलेलं सांगितलं. त्याने हात थांबवून विचारलं, ‘ये मायके का है कि ससुराल का?’ माहेरचं, मी म्हणाले. ‘नहीं, अभी का बताइए. शादी के बाद पुराना वाला नहीं चलता.’ मी म्हटलं, मला दोन्ही चालतात. त्याने क्षणभर विचार केला आणि एका दमात दोन्ही गोत्रं म्हणून टाकली. दक्षिणा मात्र एकाचीच घेतली, आणि उतरताना डाव्या बाजूच्या माकडांपासून पिशवी सांभाळा असं बजावलं.